अकरा वर्षं नोकरी झाली, मित्रांच्या स्टार्टअपमध्ये सीटीओ म्हणून उडी मारावी का?

धायरीकर

नमस्कार मंडळी. इथे वाचतो नेहमी, लिहितोय पहिल्यांदाच.

वय ३५. हिंजवडीत एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअर आर्किटेक्ट आहे. कोड आधी जावात लिहायचो, गेली तीन वर्षं गो या भाषेत. कॉलेजचे दोन मित्र छोट्या ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करतायत. बिल्टी (मालाची पावती), डिझेल, ड्रायव्हरला दिलेला ॲडव्हान्स, टोल, सगळा ट्रिपचा हिशेब मोबाइलवर. एका मित्राच्या घरच्याच १४ गाड्या आहेत, निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरमध्ये ऑफिस आहे, त्यामुळे धंदा त्याला आतून माहीत आहे. दोघांपैकी कोणालाच कोड येत नाही. आत्तापर्यंत बाहेरून करून घेतलं, ते धड चालत नाही.

मला सीटीओ, म्हणजे तांत्रिक बाजूचा प्रमुख, म्हणून बोलावतायत. २५ टक्के हिस्सा आणि पहिलं वर्ष महिना ६० हजार. आत्ता हातात साधारण दोन लाख येतात. घराचा हप्ता ४१ हजार, मुलगी चार वर्षांची. बायको शिक्षिका आहे. ती म्हणते, "कर, पण कधीपर्यंत करणार ती तारीख आधी ठरव."

कोडची मला भीती नाही. पण फाउंडर म्हणून कोड सोडून नेमकं काय करावं लागतं? आणि राजीनामा टाकण्याआधी काय काय विचारून घ्यावं? ज्यांनी केलंय त्यांनी लिहा, प्लीज.

भोरकर

आधी तुमचं नेमणूकपत्र काढून वाचा. नोकरीत असताना केलेलं काम कोणाच्या मालकीचं, यावर त्यात एक कलम असतंच. शनिवार-रविवारी मित्रांसाठी काही लिहिणार असाल तर ऑफिसच्या लॅपटॉपला हातसुद्धा लावू नका. माझ्या ओळखीतल्या एकाचं गुंतवणूकदाराशी सगळं ठरलं होतं, आणि याच एका कलमावरून चार महिने लटकलं.

वारणाकाठ

धायरीकर, मी तीन कंपन्या काढल्या. पहिली बंद पडली, दुसरी विकली, तिसरी चालू आहे, २२ माणसं आहेत. तुमच्या "कोडची मला भीती नाही" या वाक्यावर अडकलो, कारण २०१३ साली मगरपट्ट्यातली नोकरी सोडताना मी हेच म्हणालो होतो.

पहिली कंपनी दूध संकलन केंद्रांच्या सॉफ्टवेअरची. मी आणि माझा वर्गमित्र, दोघंच. मी मूळचा वारणाकाठचा, त्यामुळे केंद्र लहानपणापासून बघितलेलं. पहाटे साडेपाचला किटल्या-बरण्या घेऊन रांग लागते. दूध काट्यावर जातं, नमुना मशीनला लागतो, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) येतं, त्यावरून दरपत्रकातला दर आणि मग पावती. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया, त्याच्या वर-खाली प्रत्येक पॉइंटला दर बदलतो. प्रत्येक कंपनीचं मशीन हे आकडे आपापल्या पद्धतीने पाठवतं. सिरियल पोर्टमधून ते नीट वाचून घ्यायलाच मला दोन महिने लागले. ते काम मला मनापासून आवडायचं. रात्री दोनला पहिल्यांदा बरोबर फॅट स्क्रीनवर उमटली तेव्हा मी एकटाच टाळ्या वाजवल्या होत्या.

दोन वर्षांत एका खासगी दूध डेअरीची पन्नासेक केंद्रं आमच्याकडे आली. २०१५ च्या पावसाळ्यात डेअरीने दर उतरवला. नवं दरपत्रक रात्री बाराला सगळीकडे जायला हवं होतं. १७ केंद्रांवर रेंज नव्हती, तिथे जुनंच राहिलं, आणि "दरपत्रक पोचलं नाही" हे सांगणारं काहीही मी लिहिलेलं नव्हतं. तीन दिवस त्या केंद्रांवर जुन्या, चढ्या दराच्या पावत्या निघाल्या. दहा दिवसांनी बिल आलं ते नव्या दराने.

मी केंद्रावर पोचलो तेव्हा एक म्हातारी काउंटरपाशी उभी होती. पदराच्या गाठीतून तिने पावत्या सोडवून काढल्या. थर्मल कागद तो, निम्मे आकडे घामाने पुसलेले. त्या तिने बिलाशेजारी मांडल्या आणि मला विचारलं, "बाळा, यातलं खरं कंचं?" फरक होता एकशे चाळीस रुपयांचा. मला उत्तर देता आलं नाही.

आता खरी चूक सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये चूक होतेच, ती मी धरत नाही. त्या दिवशी मी डेअरीच्या चेअरमनकडे जाऊन बसायला हवं होतं. फरक किती, कोणाचा, तो कोण भरणार, हे त्याच संध्याकाळी मिटवायला हवं होतं. मी काय केलं? रात्रीच्या गाडीने पुण्याला आलो, दार लावून घेतलं आणि तीन आठवडे सिंकचा, म्हणजे केंद्रांवर दरपत्रक पोचवण्याचा, सगळा भाग नव्याने लिहिला. फार सुंदर लिहिला. तेवढ्यात माझा मित्र एकटा केंद्राकेंद्रावर शिव्या खात फिरत होता, आणि आमची ११ लाखांची येणी डेअरीने रोखून धरली. अवघड माणसासमोर बसायची वेळ आली की मी कोडमध्ये जाऊन लपायचो. आपल्यासारख्यांची ही जागा असते, आणि बाहेरून ती मेहनतीसारखी दिसते म्हणून कोणी टोकत नाही.

मित्र २०१६ मध्ये गेला. त्याला दोष देत नाही. पण आमच्यात कागद काहीच नव्हता, त्यामुळे त्याचे ४० टक्के त्याच्याकडेच राहिले. नंतर एक गुंतवणूकदार आला. आकडे आवडले, उत्पादन आवडलं, आणि कंपनीत नसलेल्या माणसाकडे ४० टक्के बघून उठून गेला. मार्च २०१७ मध्ये कुलूप लावलं. शेवटचे दोन पगार मी घराच्या कर्जावर टॉपअप घेऊन दिले.

दुसरी कंपनी २०१८ साली, औषधांच्या होलसेलवाल्यांसाठी. मुदत संपलेला माल परत पाठवायचा हिशेब, एवढंच. या वेळी पहिल्या आठवड्यात करार केला. चार वर्षांत हिस्सा हळूहळू नावावर होणार, आणि पहिलं वर्ष पूर्ण व्हायच्या आत जो जाईल त्याला काहीही नाही. आठवड्यातले दोन दिवस मी दुकानांत उभा राहायचो. तरी खोड गेली नव्हती. चौदा महिन्यांनी आमच्याकडची एक मुलगी, वय २७, माझ्या टेबलापाशी आली. म्हणाली, "सर, तुमचा कोड चार दिवस रिव्ह्यूला पडलाय. टेस्ट नाहीत. आम्ही सांगायला कचरतो, कारण तुम्ही मालक. तुम्ही घाईत लिहिता आणि रात्री आम्ही निस्तरतो." दुपारी तिच्यासमोर बसून मी प्रॉडक्शनवरचे, म्हणजे चालू सॉफ्टवेअरमध्ये थेट बदल करायचे, माझे सगळे हक्क काढून टाकले. संध्याकाळी घरी जाताना हात रिकामे वाटत होते, ते अजून आठवतं. पुढे इंजिनिअरिंग तिनेच सांभाळलं, आणि २०२२ मध्ये कंपनी विकली तेव्हा घेणाऱ्यांनी पहिली अट घातली की ती दोन वर्षं थांबली पाहिजे. माझ्याबद्दलची अट नंतर आली.

पुण्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घ्या. क्विक हीलचे काटकर बंधू सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. थोरले कैलास यांचं दुरुस्तीचं दुकान, धाकटे संजय यांनी अँटिव्हायरस लिहिला. २०१६ ला कंपनी शेअर बाजारात आली. लोक अँटिव्हायरसची गोष्ट सांगतात. मला त्यातलं दुकान महत्त्वाचं वाटतं. गिऱ्हाइकाचा बिघडलेला कॉम्प्युटर रोज समोर येत होता, आणि तो घेणारा माणूस घरातच होता. तुमच्याकडे निगडीचं ऑफिस आहे, म्हणजे तुमचंही तसंच आहे. तो फायदा लहान समजू नका.

आणि सीईओपद कायम धरून बसावं लागतं किंवा कोड कायमचा सुटतो, असंही नाही. पुण्यातल्या पर्सिस्टंट या सॉफ्टवेअर कंपनीचे आनंद देशपांडे यांनी १९९० मध्ये कंपनी काढली, पुढे सीईओपदी संदीप कालरा आले. झोहो या सॉफ्टवेअर कंपनीचे श्रीधर वेंबू तर जानेवारी २०२५ मध्ये सीईओपद सोडून संशोधनाकडे परत गेले. पण ही मंडळी कंपनी दुसऱ्याच्या हातात देण्याइतकी उभी करून मग त्या पदावरून बाजूला झाली.

तेव्हा मित्रांना एकच विचारा. पैसे थकले, गिऱ्हाईक चिडलं, तर त्याच्यासमोर कोण बसणार? "ते आम्ही बघू, तू कोड बघ" असं उत्तर आलं तर मला काळजी वाटेल. तुम्हालाही बसवलं पाहिजे.

हिशेबनीस

मी सीए आहे, लहान कंपन्यांचंच काम करते. वारणाकाठ दादांनी जे लिहिलं त्याची दुसरी बाजू माझ्या टेबलावर रोज येते.

धायरीकर, पहिला प्रश्न: कंपनी नोंदवून झाली आहे का? झाली असेल तर तुमचे २५ टक्के कुठल्या मार्गाने येणार? स्थापनेच्या वेळी दर्शनी किमतीला शेअर घेणं सोपं असतं. नंतर बाजारभावापेक्षा स्वस्तात मिळाले तर तो फरक तुमचं उत्पन्न धरला जाऊ शकतो, आणि हातात एक रुपया न येता कर भरायची वेळ येते. "ईसॉप देऊ" (कर्मचाऱ्यांना देतात तो पुढे शेअर घ्यायचा हक्क) म्हणाले तर प्रवर्तकाला, म्हणजे फाउंडरला, एरवी ईसॉप देता येत नाही. डीपीआयआयटी या केंद्र सरकारच्या विभागाची मान्यता असलेल्या स्टार्टअपला त्यात सवलत आहे, म्हणून ती मान्यता घेतली आहे का तेही विचारा. आणि शेअर मिळेपर्यंत "तोंडी ठरलंय" याला काही अर्थ नाही.

दुसरं, संचालक होणार असाल तर तीन तारखा पाठ करा. ७ ला टीडीएस, १५ ला पीएफ, २० ला जीएसटी. पैसे कमी पडले की फाउंडर मंडळी आधी पगार देतात आणि टीडीएस कापून ठेवूनही भरत नाहीत, पुढच्या महिन्यात बघू म्हणतात. असं करू नका. ते पैसे सरकारचे असतात आणि प्रकरण खटल्यापर्यंत जाऊ शकतं, त्यात संचालकही येतात.

तिसरं, नव्या लोकांना हमखास फसवतं ते. पाच लाखांचं बिल केलंत की त्यावर १८ टक्क्यांनी ९० हजार जीएसटी आला. गिऱ्हाईक तीन महिन्यांनी पैसे देईल. तुम्हाला जीएसटी मात्र बिल काढलं त्याच्या पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचा, त्या वेळी पैसे आलेले असोत की नसोत. ट्रान्सपोर्टमध्ये उधारी लांब चालते. माझ्या एका अशिलाची कंपनी विक्री वाढत असतानाच पैशाअभावी अडली, ती यामुळेच. म्हणून शक्य असेल तर महिन्याचे पैसे आधी घ्या, मग सेवा. आणि उद्यम नोंदणी पहिल्या महिन्यात करा. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असा कायदा आहे, मोठ्या गिऱ्हाइकाशी बोलताना तो कामाला येतो.

चौथं, कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी म्हणून सही मागितली तर घरी विचारल्याशिवाय पेन उघडू नका.

धायरीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. तीनदा वाचलं.

हिशेबनीस ताई, कंपनी सात महिन्यांपूर्वीच नोंदवली आहे, दोघांचे ५०-५०. माझे २५ कसे येणार हे मी विचारलंच नव्हतं. आता विचारलं, तर दोघं एकमेकांकडे बघत राहिले. पुढच्या आठवड्यात त्यांच्या सीएकडे तिघं मिळून जातोय. डीपीआयआयटीचं अजून काही केलेलं नाही.

वारणाकाठ, तुमचा प्रश्नही टाकला. तुम्ही लिहिलंत अगदी तेच उत्तर आलं, "तू फक्त टेक बघ." मी सांगितलं, मला चालणार नाही. थोडी वादावादी झाली.

मग शनिवारी एकटाच निगडीच्या ऑफिसात जाऊन चार तास बसलो. मुनीमजी आहेत, वय साठच्या पुढे, लाल कापडी वही. एक ड्रायव्हर नाशिकहून परतला, खिशातून डिझेलच्या आणि ढाब्याच्या चिठ्ठ्या काढून टेबलावर टाकल्या. मुनीमजींनी त्या मोजल्या नाहीत. आधी त्याला चहा दिला, गाडी कुठे अडली ते विचारलं, मग त्यातल्या दोन चिठ्ठ्या बाजूला काढून म्हणाले, "या राहू दे." ड्रायव्हर काही बोलला नाही. आमच्या ॲपमध्ये त्या दोन चिठ्ठ्यांसाठी जागाच नाही. तिथे एक तर मंजूर, नाही तर नामंजूर.

मी मुनीमजींना विचारलं, वहीऐवजी मोबाइल आला तर काय हवं? म्हणाले, ॲडव्हान्स किती गेला आणि कोणाकडे अडकलाय एवढं रात्री दिसलं तरी पुरे, बाकी वहीत बरं आहे. आमच्या ॲपमध्ये २६ स्क्रीन आहेत.

वारणाकाठ

त्या दोन चिठ्ठ्यांचं पुढे काय होतं ते बघितलंत का? महिनाअखेरीला मालकासमोर त्या निघत असणार.

धायरीकर

नाही बघितलं. राजीनामा तोवर थांबवलाय. ३१ तारखेला हिशेब असतो म्हणाले, रजा टाकली आहे. लॅपटॉप नेणार नाही.