फॉलोअर ११००, पण नवं गाणं ऐकलं ४१ जणांनी. ऐकणारी माणसं जोडायची कशी?

कोमल_रिषभ

नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहूनच टाकते.

मी गाणी लिहिते, चाल लावते, गिटारवर गाते आणि घरीच रेकॉर्ड करते. पाठीशी कंपनी नाही, मॅनेजर नाही. तीन वर्षांत ७ गाणी आली. इन्स्टाग्रामवर ११०० च्या वर फॉलोअर आहेत. गेल्या महिन्यात सातवं गाणं आलं, त्याच्यामागे पाच महिने होते. दुसऱ्या कडव्याची चाल चार वेळा मोडून पुन्हा बांधली. पहिल्या आठवड्यात ते ४१ जणांनी ऐकलं. त्यातले निम्मे तरी नात्यातले नाहीतर मैत्रीतले.

आणि त्याच्या आदल्याच आठवड्यात गिटारची तार बदलतानाचा २० सेकंदांचा व्हिडिओ सहज टाकला होता, तो ९ हजार लोकांनी पाहिला! त्यातून २०० फॉलोअर वाढले. त्यांतलं कुणीही गाण्याकडे फिरकलं नाही.

सगळे सांगतात, रोज काहीतरी टाक. सलग दोन महिने टाकून पाहिलं. त्या दोन महिन्यांत एक ओळ सुचली नाही. मला पुढच्या गाण्याची वाट बघणारी माणसं हवी आहेत. ती ऑनलाइन कशी जोडायची? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

ठेका_धरून

टाकणं पूर्ण बंद करू नका एवढंच सांगतो. नवीन माणसाच्या कानावर तुमचा आवाज जायला आज तरी तोच रस्ता आहे. मी महिन्यातली एक दुपार राखून ठेवतो आणि त्या एका बैठकीत सहा-सात तुकडे रेकॉर्ड करून घेतो, मग महिनाभर त्याचा विचार करत नाही. आणि तुकड्यात गाणं असू द्या. तार बदलताना शेवटी त्याच तारेवर नव्या गाण्याची सुरुवात वाजवली असती तर त्या ९ हजारांतल्या काहींच्या कानात ती राहिली असती.

जुनी_तार

ठेका यांचा शेवटचा मुद्दा अगदी बरोबर आहे. पण मूळ दुखणं वेगळं आहे असं मला वाटतं, म्हणून जरा लांबून सुरुवात करतो.

मी १४ वर्षं स्वतःची गाणी करतोय. ७ वर्षांपूर्वी माझं एका ठिकाणचं खातं एका सकाळी बंद झालेलं दिसलं. कुणीतरी त्यात शिरायचा प्रयत्न केला होता म्हणे. अर्ज भरले, ओळखपत्रं पाठवली, खातं परत आलं नाही. जवळजवळ ६००० फॉलोअर होते. चार दिवसांनी नवीन गाणं यायचं होतं. त्या रात्री वही घेऊन बसलो आणि ज्यांच्यापर्यंत मी माझा मी पोचू शकतो अशा ऐकणाऱ्यांची नावं लिहायला घेतली. २३ नावं झाली. सात वर्षं गायलेल्या माणसाकडे २३ नावं. त्या रात्री झोप लागली नाही.

त्या २३ जणांना मी एकेक करून लिहिलं. सगळ्यांना एकच मजकूर नाही. प्रत्येकाने पूर्वी मला काय लिहिलं होतं ते आठवून, शोधून. १७ जणांची उत्तरं आली. ती वही आजही चालू आहे, आता तिसरी. डाव्या पानावर नाव, ईमेल, कुठल्या गाण्यावरून आले. उजव्या पानावर ते काय बोलले ते, त्यांच्याच शब्दांत.

एक पान सांगतो. एका बाईंनी लिहिलं होतं की वडील दवाखान्यात असताना त्या रात्री माझं एक गाणं लावायच्या, पण शब्द सहन होत नसत म्हणून कडवं आलं की आवाज बंद करायच्या आणि मधला गिटारचा तुकडा तेवढा ऐकायच्या. मी ते तसंच उतरवून ठेवलं. दोन वर्षांनी त्या गाण्याचं शब्दांशिवायचं रूप केलं, तेव्हा कुठेही टाकण्याआधी त्यांना पाठवलं. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: "वडील गेले, पण हे आता पूर्ण ऐकता येतं." त्यानंतर माझं एकही गाणं त्यांच्याकडून ऐकायचं राहिलेलं नाही. मी त्यांना कधी भेटलेलो नाही.

यात नवीन काही नाही. ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडने १९७१ साली थेट कार्यक्रमांतल्या ध्वनिमुद्रणाचा जो अल्बम काढला, त्याच्या आतल्या बाजूला चाहत्यांसाठी चार ओळी छापल्या होत्या: तुम्ही कोण आहात, कुठे आहात, कसे आहात? नाव-पत्ता कळवा, आम्ही तुम्हाला खबर देत राहू. पत्रं येत गेली, यादी वाढत गेली. रेकॉर्ड विकणाऱ्या कंपनीला किती प्रती खपल्या ते कळतं, कुणी घेतल्या ते कळत नाही. ते त्यांनी स्वतः विचारून घेतलं.

तुमची अडचण नेमकी हीच आहे. स्पॉटिफाय तुम्हाला किती जणांनी ऐकलं, कुठल्या शहरांतून ऐकलं, वयोगट कोणता, हे सगळं सांगतं. नाव सांगत नाही. पैशाचं म्हणाल तर २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १००० वेळा न वाजलेल्या गाण्याचं मानधनच तिथे मिळत नाही. म्हणजे तुमच्या पायरीवर त्या आकड्याच्या मागे धावून हाती काही लागायचं नाही. ती ४१ माणसं कोण आहेत हे कळलं तर मात्र लागेल. बँडकॅम्प या कलाकारांनी स्वतः गाणी विकायच्या साइटवर गाणं विकत घेणाऱ्याचा ईमेल कलाकाराला मिळतो, शिवाय सांगितलेल्या किमतीपेक्षा जास्त द्यायची आणि दोन ओळी लिहायची सोय घेणाऱ्याला असते. डिजिटल विक्रीतले १५ टक्के ते ठेवतात. मला तो सौदा पटतो, कारण माणूस माझ्याकडे राहतो.

आणि सगळं एकाच दारात ठेवू नका. मायस्पेस या जुन्या समाजमाध्यमावर एकेकाळी सगळे छोटे कलाकार होते. २०१९ मध्ये त्यांनी कबूल केलं की सर्व्हर बदलताना २०१५ आणि त्याआधीची चढवलेली गाणी गेली. ज्यांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती त्यांची गाणीच गेली.

आता तुम्ही काय करावं. सात गाण्यांखालचे सगळे अभिप्राय, मेसेज काढा. ज्यांनी गाण्याबद्दल एक तरी नेमकी गोष्ट लिहिली आहे ते वेगळे करा. "मस्त", "भारी" लिहिणारे सध्या बाजूला ठेवा, त्यांचा राग नको, पण ते नंतर. "दुसऱ्या कडव्यात आवाज खाली आणलात तिथे थांबलो", असं लिहिणारा माणूस शोधा. असे दहा-पंधरा निघतील. प्रत्येकाला स्वतंत्र लिहा आणि विचारा, महिन्याला एक ईमेल पाठवला तर चालेल का? हो म्हणाले तरच यादीत घ्या. न विचारता नाव घातलं की पहिल्याच पत्राला नातं बिघडतं.

सुरुवातीला कुठली सेवा लागत नाही. साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० जणांपर्यंत पाठवता येतं, तिथवर पोचायला वेळ आहे. फक्त सगळे पत्ते बीसीसीत टाका, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसणार नाही. आणि खाली लिहा की नको असेल तर एवढंच कळवा, नाव काढते. कुणी काढायला सांगितलं तर त्याच दिवशी काढा.

पत्रात "शेअर करा" लिहू नका. एक गोष्ट दाखवा, जी बाहेर कुठेही नाही. तुम्ही चार वेळा मोडलेली चाल! चारही आवृत्त्या फोनमध्ये असतीलच. त्यातली दुसरी आणि चौथी पाठवा आणि विचारा, दुसरी तुम्हाला कशी वाटली असती? प्रश्न एकच विचारा, आणि असा की ज्याचं उत्तर फक्त गाणं ऐकलेला माणूसच देऊ शकेल. आलेल्या प्रत्येक उत्तराला उत्तर द्या. हे काम रोजच्या व्हिडिओपेक्षा कमी नाही, पण माझ्या अनुभवात यातून ओळी सुचतात.

मागच्या_रांगेतला

मी वाजवत नाही, गात नाही. फक्त ऐकतो. ऐकणाऱ्याच्या बाजूचं सांगू का?

एका छोट्या बँडला मी एकदा लिहिलं की तिसऱ्या मिनिटाला मागे दार वाजल्यासारखा आवाज येतो, तो मुद्दाम आहे का? त्यांच्या ड्रमरने उत्तर दिलं की तो खरंच दाराचा आवाज आहे, ती टेक, म्हणजे त्या वेळचं रेकॉर्डिंग, सगळ्यात चांगली झाली होती म्हणून तशीच ठेवली. दोन ओळींचं उत्तर. त्याला आता सहा वर्षं झाली आणि मी त्यांचं सगळं विकत घेतो. दार वाजलं की मला आजही वाटतं, हे फक्त मला आणि त्यांना माहीत आहे.

उलटही झालंय. एक गायिका मला खूप आवडायची. मनापासून मोठं पत्र लिहिलं, उत्तरात हृदयाचं चित्र आणि नव्या गाण्याची लिंक. दुसऱ्याने टाकलेल्या अभिप्रायालाही तेच चित्र, तीच लिंक. उत्तर आलं नसतं तर काही वाटलं नसतं, त्या कामात असतील म्हटलं असतं.

कोमल_रिषभ

जुनी_तार, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. त्या बाईंचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

एक भीती मात्र आहे. असं मोकळेपणाने लिहायला लागल्यावर कुणी जास्तच जवळ आलं तर? एक गृहस्थ गेलं वर्षभर रोज मेसेज करतात. आधी गाण्याबद्दल लिहायचे, आता मी कुठे आहे, उत्तर का दिलं नाही, असं. ते माझं प्रत्येक गाणं ऐकतात, म्हणून तोडवत नाही.

मंद्र_सप्तक

कोमल, याला मी उत्तर देते, कारण मी यातून गेले आहे.

गाणं ऐकल्याने कुणाला तुमचा दिवस कसा गेला हे विचारायचा हक्क मिळत नाही. "उत्तर का दिलं नाही" हा प्रश्न आला त्या दिवशीच तो ऐकणारा राहिलेला नाही. एकदाच, स्पष्ट, दोन वाक्यांत लिहा की मी गाण्याबद्दलच्या पत्रांनाच उत्तर देते आणि महिन्यातून एकदाच. त्यानंतरही चालू राहिलं तर ब्लॉक करा. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. जवळच्या एका माणसाला हे माहीत असू द्या. आणि हे आजच करा, पुढच्या गाण्यापर्यंत थांबू नका.

मी स्वतः काही नियम कधी मोडत नाही. गाण्यांसाठी वेगळा ईमेल, घरचा फोन नंबर कुणालाही नाही, कुठे आहे ते तिथून निघाल्यावरच सांगते. उत्तरं रविवारी सकाळी दोन तास, बाकी दिवस नाही. पहिल्या पत्रातच हे लिहून टाकलं होतं. मला वाटलं होतं लोक दुखावतील. उलट काही जण आता शनिवारी रात्री मुद्दाम लिहितात, रविवारी पोचावं म्हणून.

जुनी_तार

मंद्र_सप्तक यांच्याशी शंभर टक्के सहमत. हे माझ्या प्रतिसादात आधीच यायला हवं होतं. पुरुष असल्यामुळे मला त्याची झळ कमी लागली, म्हणून सुचलं नाही.

एक भर घालतो. पत्रांतून एकेकाशी बोलणं होतं, पण काही काळाने ऐकणारे एकमेकांशी बोलायला लागले की सगळा भार तुमच्यावर राहत नाही. मॅरिलियन हा ब्रिटिश बँड. चाहत्यांच्या ईमेल-गटात त्यांच्या कीबोर्डवादकाने, मार्क केलीने, सरळ सांगितलं की अमेरिकेचा दौरा परवडत नाही, ६०,००० डॉलरच्या आसपास तोटा होईल. त्यावर चाहत्यांनी आपणहून वर्गणी काढली आणि १९९७ मध्ये दौरा झाला. बँडने पैसे मागितले नव्हते, अडचण खरी सांगितली होती. पुढे २००१ च्या अल्बमसाठी त्यांनी रेकॉर्डिंगच्या आधीच चाहत्यांना पैसे भराल का असं विचारलं आणि १२,००० च्या वर लोकांनी भरले. तेव्हा आजची कुठलीही समाजमाध्यमं नव्हती. ईमेल होते आणि एकमेकांना ओळखणारे लोक होते.

तुम्हाला १२,००० नकोत आत्ता. पंधरा शोधा.

कोमल_रिषभ

तीन आठवड्यांनी परत आले आहे, सगळ्यांना कळवायला.

त्या गृहस्थांना दोन वाक्यं लिहिली. उत्तरात रागाचे अकरा मेसेज आले, मग ब्लॉक केलं. हात थरथरत होते, पण त्या रात्री शांत झोपले. मंद्र_सप्तक, तुमचे फार आभार.

अभिप्राय चाळले. नेमकं काहीतरी लिहिणारे १९ निघाले. १९ जणांना वेगवेगळं लिहायला चार संध्याकाळी गेल्या. १२ जणांनी यादीत घ्या म्हटलं, तिघांनी नको म्हटलं, पण छान शब्दांत. बाकीचे गप्प आहेत.

मग चालीच्या दोन आवृत्त्या पाठवल्या. ९ उत्तरं आली. त्यातलं एक असं होतं: "दुसरी आवृत्ती ऐकल्यावर कळलं की शेवटच्या ओळीवर तुम्ही श्वास कुठे घेता. चौथीत तो श्वास कापला आहे. का?" तो श्वास मी रेकॉर्डिंग साफ करताना काढला होता, चूक समजून. लिहिणारे शाळेत गणित शिकवतात, गाण्याशी तसा काही संबंध नाही. पाच महिन्यांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

काल ती ओळ श्वासासकट पुन्हा गायले. मिक्स झालंय. अजून कुठेही चढवलेलं नाही, आधी त्या १२ जणांना पाठवते आहे. आणि वहीच्या डाव्या पानावर बारावं नाव लिहून झालं तेव्हा नवीन गाण्याच्या दोन ओळी सुचल्या, त्या उजव्या पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवल्या आहेत.