नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्या जागच्या हलल्या नाहीत. माती गवताने राखली की बांधांनी?

माळावरचा

गेली अकरा वर्षं मी अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात राहतो. गेल्या जूनमध्ये ओळखीतल्या एका कुटुंबाच्या रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या कुरणावर, दोन दिवस मुक्कामाला होतो. हा भाग म्हणजे सँडहिल्स, गवताने झाकलेल्या वाळूच्या टेकड्या. घरच्या आजोबांनी मला एका उतारावर नेलं. तिथे वाऱ्याने वाळू उपसून शेततळ्याएवढा खड्डा केला होता, त्यात जुने टायर आणि कुजलेलं वाळलेलं गवत टाकलेलं. हिवाळ्यात गुरांना वैरण मुद्दाम त्या खड्ड्यात टाकायची, म्हणजे शेण आणि उरलंसुरलं गवत वाळूत मिसळतं आणि बी धरतं. त्यांचे वडील हेच करायचे. कडेला त्यांनी फावड्याने हातभर खोल वाळू काढून दाखवली. केसासारखी बारीक मुळं खालपर्यंत उतरलेली होती. ती मुठीत धरून ओढली, तुटली नाहीत.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळते आहे, ती इथे मांडतो.

अमेरिकेच्या माळप्रदेशाची कथा आपल्याला १९३० च्या दशकातल्या धुळीच्या वादळांपासून ठाऊक असते. १४ एप्रिल १९३५ चा, धुळीने दिवसा अंधार केला तो काळा रविवार, त्यानंतर तेरा दिवसांत झालेला मृदसंधारण कायदा, ह्यू बेनेट आणि त्यांचं मृदसंधारण खातं. पुढचं कौतुक सगळं समतल बांधांचं आणि झाडांच्या पट्ट्यांचं. नॉर्थ डकोटापासून टेक्सासपर्यंत १९४२ पर्यंत सुमारे २२ कोटी झाडं लागली, हे खरंच मोठं काम होतं.

पण माझं म्हणणं असं, की १९५० च्या दशकात पुन्हा अवर्षण पडलं तेव्हा खऱ्या अर्थाने माती धरून ठेवली ती चराईच्या शिस्तीने. १९४९ मध्ये डिक्स्टरहाउस नावाच्या शास्त्रज्ञाने कुरणाची प्रत ठरवायची सोपी रीत मांडली. गुरं आधी खातात ती गवतं चराई वाढली की कमी होतात, त्यांची जागा दुय्यम गवतं घेतात, आणि तरीही हात आवरला नाही तर बाहेरचं तण घुसतं. आपल्याकडे माळावर पवन्या आणि मारवेल संपून कुसळी उरते, तसंच. गंमत नाही, तिथलं उंच ब्लूस्टेम आणि आपला मारवेल खरोखर एकाच गोतातले. मग १९५५ मध्ये क्रायडर यांनी प्रयोगाने दाखवलं, की निम्म्याहून जास्त पाला काढला तर गवताची मुळं वाढायची थांबतात. जितकं जास्त खुडाल तितकी जास्त दिवस थांबतात. 'निम्मं घ्या, निम्मं ठेवा' या रँचरांच्या बोलीला त्यातून पाया मिळाला.

सँडहिल्स ही तर निव्वळ वाळू. तिथे १९०४ च्या किंकेड कायद्याने ६४० एकरांचे तुकडे देऊन लोक बसवले, पुष्कळांनी नांगरलं, पुष्कळ उठून गेले. जमीन परत गवताखाली आली आणि टिकली. नांगरायलाच नको होती ती जमीन नांगरली, ही मूळ चूक. बांध घालणं हे त्या चुकीवरचं ठिगळ.

कोरडवाहू

माळावरचा, लेखन मनापासूनचं आहे, पण निष्कर्षाला माझा सरळ विरोध आहे. मी सोलापूर जिल्ह्यातला कोरडवाहू शेतकरी. 'नांगरायलाच नको होती' हे ज्याच्या घरी धान्य बाहेरून येतं त्याने म्हणावं. अमेरिकेतल्या कॅन्ससचा आणि कॅनडातल्या सस्कॅचेवानचा गहू जगाने खाल्ला. त्या जमिनीवर शेती होणारच होती, प्रश्न होता ती कशी करायची.

आणि तिथे खरी कामगिरी कसल्या तरी साध्या लोखंडाच्या पट्टीने केली. तीसच्या दशकात लोक तव्यांचा नांगर चालवत होते, तो ढेकळं फोडून मातीचं पीठ करायचा आणि धसकटं गाडून टाकायचा. वर उघडी भुकटी, आणि वर वारा. कॅनडाच्याच अल्बर्टातल्या चार्ल्स नोबल यांनी रुंद पात्याचं अवजार काढलं. ते जमिनीच्या थोडं खालून जातं, तणाची मुळं कापतं, पण गव्हाची धसकटं वर उभीच राहतात. आपल्या कुळवाची पात डोळ्यांसमोर आणा, तेच तत्त्व. तुमच्याच नेब्रास्कात, लिंकनला, ड्युली आणि रसेल यांनी १९३८ पासून धसकटं वर ठेवायच्या शेतीचे प्रयोग सुरू केले. कॅन्ससमधल्या मॅनहॅटनला चेपिल यांनी वाऱ्याच्या बोगद्यात मातीचे कण उडवून मोजले. किती आकाराचं ढेकूळ वाऱ्याला दाद देत नाही, किती धसकट पुरतं, हे आकड्यांत आलं.

मी स्वतः सहा वर्षं ज्वारीची धसकटं काढत नाही. एप्रिलच्या वावटळीत शेजारच्या वखरलेल्या रानातून धुळीचा खांब उठतो, माझ्या बांधाशी येऊन तो बसतो. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. नांगराला दोष द्यायचा की नांगराच्या चालवण्याला, हे ठरवा.

हिशेबनीस

दोघंही शिस्त आणि अवजार यांबद्दल बोलताय. जमिनीचा आकार कुणीच काढला नाही.

अमेरिकेच्या पश्चिम भागाची पाहणी करणारे भूवैज्ञानिक जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ मध्येच सरकारला लिहून दिलं होतं, की कोरड्या भागात गुरांवर जगायचं तर कुटुंबाला २,५६० एकर तरी लागतील. सरकारने दिले किती? १८६२ च्या कायद्याने १६०, १९०९ मध्ये ३२०, आणि १९१६ मध्ये गुरांसाठी म्हणून ६४०. १६० एकरवाल्याने अर्धी जमीन गवताखाली ठेवायची तर कर्जाचा हप्ता कशातून भरायचा? गव्हाचा भाव पडला की तो आणखी नांगरतो, कमी नाही. सँडहिल्समधले रँचर शिस्तीत राहिले कारण त्यांच्याकडे हजारो एकर होते. एक तुकडा सोडून देणं त्यांना परवडत होतं.

दुसरं, धुळीला कुंपण नसतं. मी धसकटं ठेवली आणि पश्चिमेच्या शेजाऱ्याने नाही ठेवली, तर त्याची माती माझं पीक कापते आणि माझे पैसे वाया. म्हणून मी म्हणेन की त्या काळातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मृदसंधारण जिल्हे. फेब्रुवारी १९३७ मध्ये रूझवेल्ट यांनी राज्यांच्या गव्हर्नरांना नमुना कायदा पाठवला, त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनात पहिला जिल्हा झाला. शेतकऱ्यांनीच निवडलेली मंडळी, शेतकऱ्यांचाच आराखडा, आणि सरकारचा तज्ज्ञ. वाऱ्याच्या दिशेतले सगळे एकत्र बसल्याशिवाय एकट्याच्या शहाणपणाला किंमत नव्हती.

माळावरचा

हिशेबनीस, आकाराचा मुद्दा मान्य. मी तो धरला नव्हता, आणि त्याने माझं म्हणणं बरंच बदलतं. पॉवेलचं ऐकलं असतं तर कदाचित या धाग्याची गरजच पडली नसती.

पण कोरडवाहू दादा, तुम्ही म्हणता तसं अवजार आलं, जिल्हे आले, तरी दुसऱ्या महायुद्धात भाव चढले आणि जुनं कुरण पुन्हा फाडलं गेलं. यात शहरात राहून फक्त पेरणीला आणि कापणीला येणारे लोकही होते, त्यांना तिथे 'सूटकेस शेतकरी' म्हणत. ज्याचं घर त्या वाऱ्यात नाही त्याला धसकटाचं काय? १९५६ च्या कायद्याने सरकारने जमीन पडीक ठेवायला भाडं दिलं, १९६० पर्यंत २ कोटी ८० लाखांहून जास्त एकर त्यात आले. करार तीन ते दहा वर्षांचे. करार संपले, आणि १९७३ च्या सुमारास गव्हाचा भाव उसळला तशी पुष्कळ जमीन परत नांगराखाली गेली. झाडांचे पट्टेही उपटले, गोल फिरणाऱ्या पाण्याच्या यंत्राला वाट हवी म्हणून. भाडं दिलं तोवर गवत, हे काही राखणं नव्हे.

पाऊसपाणी

मला या चर्चेतलं मूळ गृहीतकच पटत नाही. पन्नासच्या दशकात शिस्तीने माती राखली म्हणता. टेक्सास बघा. १९५० ते १९५७ अवर्षण, २५४ पैकी २४४ काउंट्या आपत्तीग्रस्त जाहीर झाल्या. तिथले रँचर निवडुंगाचे काटे ज्योतीने जाळून तो गुरांना घालत होते. आमच्या आजीने ७२ च्या दुष्काळाबद्दल जे सांगितलं ते ऐकलं असेल, तर त्या माणसाची अवस्था सांगावी लागणार नाही. काही जण पिढ्यांपासून नीट चराई करणारे होते. त्यांनीही गुरं विकली, काहींनी जमीन विकली. १९५७ च्या वसंतात पाऊस आला आणि अवर्षण संपलं. पाऊस आल्यावर जो उभा राहिला त्याची रीत बरोबर ठरली, इतकंच.

त्यात ओगलाला या भूजलसाठ्यातून विहिरींनी पाणी उपसायला तोवर जोरात सुरुवात झाली होती. हिरवं दिसलं त्याचं थोडं श्रेय त्या पाण्यालाही द्या. आणि ते पाणी उपशाच्या वेगाने परत भरत नाही.

माळावरचा

पाऊस आमच्या हातात नाही हे खरं. पण पाऊस आला तेव्हा खाली मुळं जिवंत होती की नव्हती, ते हातात होतं. टेक्सासमध्येच सोनोरा इथल्या संशोधन केंद्रावर लिओ मेरिल यांनी १९४९ पासून, म्हणजे याच कोरड्या वर्षांच्या तोंडावर, चार कुरणं आणि तीन कळप अशी रीत लावली. दर वेळी एक कुरण मोकळं. प्रत्येकाला बारा महिन्यांच्या चराईनंतर चार महिने विश्रांती, आणि विश्रांतीचा हंगाम दर फेरीला बदलतो. गुरं विकावी लागणं ही हार नाही, दादा. वेळेवर विकणं हाच त्या शिस्तीचा कठीण भाग आहे. १९३४ मध्ये वेळ निघून गेल्यावर सरकारला ऐंशी लाखांहून जास्त जनावरं विकत घ्यावी लागली, त्यातली कितीतरी तिथेच गोळ्या घालून मारली. ते टाळायचं तर आधीच कमी करायला हवी होती.

मेंढवाडा

'चराईची शिस्त' हा शब्द वाचला की माझ्या पोटात गोळा येतो. आम्ही मेंढरं घेऊन फिरणारे. चराईबंदी म्हटलं की आमच्या लेखी तो दंड असतो आणि कोंडवाडा असतो. माझ्या वडिलांनी एका गावात शंभर मेंढरं तीन दिवस कोंडलेली सोडवून आणली, चूक एवढीच की वाट पूर्वी मोकळी होती आणि त्या वर्षी तिथे रोपं लावली होती.

त्या माळावर रँच यायच्या आधी कायोवा, कोमांची या तिथल्या मूळ जमाती होत्या आणि गवा, म्हणजे तिथला बायसन, होता. तोही चरायचा, पण एका जागी थांबत नव्हता. जाळलेल्या रानात कोवळं गवत फुटलं की तिकडे जायचा. माणसांना हाकललं, गव्याला मारलं, काटेरी तार ओढली, आणि मग तारेच्या आत गुरं कोंडून झाल्यावर शास्त्रज्ञांनी शोध लावला की कुरणाला विश्रांती हवी! चार कुरणं तीन कळप म्हणजे चालत्या कळपाची तारेत बसवलेली नक्कल आहे. मेरिल यांचं काम खोटं नाही म्हणत मी. पण ते ज्यांच्याकडून हिरावलं त्यांचं नाव या धाग्यात एकदाही आलं नव्हतं.

हिशेबनीस

मेंढवाडा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. फक्त एक जोडतो. सामाईक कुरण म्हणजे बंदीच असं नाही. कॅनडाने १९३५ मध्ये प्रेअरी शेती पुनर्वसन संस्था काढली आणि सस्कॅचेवानसारख्या प्रांतांत उडालेल्या जमिनी घेऊन सामाईक गायरानं केली. नांगरलेल्या जागी गवत पेरलं, घोड्यावरचा राखणदार ठेवला, गावातल्या शेतकऱ्याने दर जनावरामागे शुल्क भरून गुरं सोडायची, आणि जास्तीत जास्त किती जनावरं हे ठरलेलं. छोट्या शेतकऱ्याला हजारो एकर नसतानाही कुरण मिळालं. २०१२ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने ही कुरणं प्रांतांकडे सोपवायचं जाहीर केलं तेव्हा लोक हळहळले. मला वाटतं माळावरचांच्या शिस्तीला आणि माझ्या आकाराच्या मुद्द्याला उत्तर तिथे होतं.

कोरडवाहू

सामाईक कुरणाला माझा विरोध नाहीच. आमच्याकडे १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा कायद्याने समतल बांध पडले. आजोबा सांगायचे, बांध घातले खात्याने, पण फुटल्यावर दुरुस्ती कुणी करायची ते कुणालाच माहीत नव्हतं. दोन पावसाळ्यांत पाणी एका जागी फोडून वाहिलं आणि ओढाच तयार झाला. म्हणून जिल्हामंडळाचं महत्त्व मलाही पटतं. पण मंडळ बसवल्यावरही शेतात जायचं ते पात घेऊनच, हे मी सोडणार नाही.

माळावरचा

मेंढवाडा, तुमच्या प्रतिसादानंतर पहिला परिच्छेद पुन्हा वाचला. 'कुटुंबाची रँच' लिहिताना त्या जागी आधी कोण होतं हे मी विचारलंच नव्हतं. पुढच्या वेळी गेलो की विचारेन.

आणि माझ्याच म्हणण्याला छेद देणारं एक सांगतो, इथे कुणी काढलं नाही म्हणून. त्या उघड्या वाळूच्या खड्ड्यांत एक फिकट जांभळ्या फुलांची वनस्पती येते, ब्लोआउट पेन्स्टेमॉन. गवताने खड्डा भरला की ती जगत नाही. चांगली चराई आणि आगी आटोक्यात आल्यावर खड्डे भरत गेले, आणि १९४० पर्यंत ती नामशेष झाली असं समजलं गेलं. १९६८ मध्ये ती पुन्हा सापडली. आजोबांना मी तेव्हा हे सांगितलं. ते टायरांकडे बघत बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, पलीकडच्या टेकडीमागचा एक खड्डा मी यंदा तसाच ठेवतो.