मदत हवी: सस्पेन्शनचे पार्ट ओरिजिनल की डुप्लिकेट? (तातडीचं)

खडखड_६५
लोकहो जरा पटकन सांगा. रबर कोन (स्प्रिंगच्या जागी बसतात ते) चार, नकल जॉइंट (आर्मवर वाटीत बसणारे गोल डोक्याचे सांधे) चार आणि पुढचे खालचे आर्म दोन असा सेट मागवला होता, विकणारा म्हणतो गोदामात पडून राहिलेला कंपनीचाच जुना माल आहे, गाडीला कधी लागलेलाच नाही. पार्सल आलं, उघडलं, तर आर्मवर जो नंबर उठवलाय तो कॅटलॉगमधल्या नंबराशी जुळतच नाही. म्हणजे डुप्लिकेटच ना? परत करायची मुदत परवा संपतेय. मला गाडी कारखान्यातून निघाली तश्शी करायचीय, एकही डुप्लिकेट पार्ट नको. हो की नाही एवढंच सांगा, लेक्चर नको.

पाना_दहा
गाडी कुठली?

खडखड_६५
रबर कोन म्हटल्यावर कुठली असणार? मिनी. जुनी मिनी.

पाना_दहा
जुनी मिनी १९५९ ते २००० बनत होती. ४१ वर्षांतली कुठली? आणि फोटो?

खडखड_६५
फोटो टाकलाय.

पाना_दहा
हा डब्याचा फोटो आहे.

खडखड_६५
हो मग, डब्यावर ब्रिटिश लेलँडचा शिक्का स्पष्ट दिसतोय की. विकणारा म्हणतो १९६४-६५ चा माल आहे.

निवृत्त_फिटर
लेक्चर नको म्हणालात तरी देतोय, वाचायचं तर वाचा. ब्रिटिश लेलँड हे नावच १९६८ साली आलं, त्याआधी ती बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन होती. तेव्हा त्या डब्यात १९६४ साली भरलेला माल असूच शकत नाही. पण म्हणून तो डुप्लिकेट ठरतो असंही नाही. १९६४ च्या गाडीला लागणारा पार्ट कंपनी पुढे कितीतरी वर्षं बनवून स्पेअर म्हणून विकत होती, तोही कंपनीचाच. "६४ साठीचा" आणि "६४ सालचा" यात फरक आहे, विकणारे तो मुद्दाम धूसर ठेवतात. आणि डबा तर छापूनही मिळतो, त्यावरून काही ठरवू नका.

आता नंबर. आर्मवर उठवलेला नंबर हा त्या घडाईच्या साच्याचा नंबर असतो, कॅटलॉगचा नंबर वेगळा. एकाच घडाईतून भोकं वेगळी पाडून दोन वेगळे पार्ट निघू शकतात, मग त्या दोघांचे कॅटलॉग नंबर वेगळे आणि अंगावरचा नंबर एकच. त्यामुळे नंबर जुळला नाही म्हणून घाबरू नका. उलट मिनीच्या आर्मवर कॅटलॉगचा नंबर जसाच्या तसा, छान ठळक आणि तोही लेझरने कोरलेला दिसला तर मला जास्त शंका येईल.

आर्म हातात घ्या आणि कडेची शिवण बघा. घडीव लोखंडाला साच्याची शिवण रुंद असते आणि ती घासून काढल्याची खूण राहते. ओतीव मालाची शिवण बारीक, धारदार, आणि अंग वाळूसारखं खरखरीत. खालचा आर्म घडीवच हवा. कुणी ओतीव पाठवला असेल तर ओरिजिनल-डुप्लिकेट जाऊ द्या, तो गाडीला लावूच नका, चाक धरून ठेवणारा पार्ट आहे तो.

धुरकट
एवढं सगळं कशाला, आर्मच्या सांध्यात रबराऐवजी पॉलीयुरेथेनचे बुश टाका, विषय संपला. मी सहा वर्षं वापरतोय.

निवृत्त_फिटर
त्यांनी बुशबद्दल विचारलेलंच नाही.

धुरकट
रबराच्या बुशचं आयुष्य किती ते तुम्हालाही माहितीय.

निवृत्त_फिटर
माहितीय. आणि पॉलीचे बुश कोरडे पडले की किती किंचाळतात तेही माहितीय. पण त्यांना गाडी कारखान्यातून निघाली तशी हवीय, वाचलं का नीट?

मॅग्नेटराव
सोपी युक्ती सांगतो. कोनच्या खालचा जो ट्रम्पेट (कर्ण्यासारखा दांडा) असतो त्याला लोहचुंबक लावा. चिकटला नाही तर ओरिजिनल, कारण ओरिजिनल ॲल्युमिनियमचा.

पाना_दहा
नकली पण ॲल्युमिनियमचेच येतात हो. आणि त्यांनी ट्रम्पेट मागवलेलाच नाही, वरती यादी आहे.

मॅग्नेटराव
मी जनरल सांगितलं.

खडखड_६५
बरं शिवण बघितली. रुंद आहे, घासलेली आहे, रंग काळा पण चकचकीत नाही. आता कोनचं सांगा. दिसायला एकदम नवे आहेत, रबर टणक आहे, नखाने दाबलं तर खूण पडत नाही. चांगलंच ना?

रबरशेठ
नाही हो!! इथेच सगळे फसतात. लोखंड पडून राहिलं तर फार तर गंजेल, रबराचं वय डब्यातही वाढतं. कोन हा लोखंडाला चिकटवलेला रबराचा जाड गोळा, गाडीचं वजन आलं की तो दबतो आणि कातरतोही, जितका दबेल तितका जास्त कडक होत जातो. मिनीच्या सस्पेन्शनची सगळी मजा त्यातच आहे, हे सस्पेन्शन काढणाऱ्या ॲलेक्स मोल्टनसाहेबांची करामत. तेच रबर पन्नास वर्षं पडून टणक झालं असेल तर ओरिजिनल असून उपयोग काय? कडेला जिथे रबर लोखंडाला भेटतं तिथे बोटाने ताणून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे दिसतात का ते सांगा. माझं स्पष्ट मत असं की लोखंड जुनं घ्या, रबर नवं घ्या. मग ते रबर डुप्लिकेट का असेना, चांगल्या कंपाउंडचं आणि ताजं असलं की झालं. फक्त नवे कोन टाकल्यावर गाडी आधी उंच बसते, काही आठवड्यांनी खाली येते, तेव्हा पहिल्याच दिवशी उंची मोजून भांडायला जाऊ नका विकणाऱ्याशी.

स्प्रिंगबहाद्दर
किंवा कोन काढून कॉइल स्प्रिंग टाका. कंबर वाचेल.

रबरशेठ
आले हे.

स्प्रिंगबहाद्दर
सांगायचं काम केलं. खड्ड्यांतून जाताना आठवण काढाल.

पाना_दहा
कोनच्या मधल्या भोकातले आटे पण बघा. जुन्या कोनला इंची, नंतरच्याला १४ मिमी मेट्रिक. पुढचे कोन काढताना कोन दाबून धरायच्या हत्याराचा (कॉम्प्रेसरचा) बोल्ट त्यातच फिरवायचा असतो. "६४-६५ चा" म्हणून विकलेल्या कोनमध्ये मेट्रिक आटे निघाले तर विकणाऱ्याला काय बोलायचं ते मी सांगायला नको.

तेलकट_हात
मिनीत इंजिन आणि गिअरबॉक्सला एकच तेल असतं हे विसरू नका, तेल वेळेवर बदला. बरेच जण आजकालचं पातळ तेल टाकतात आणि मग गिअरची बोंब.

खडखड_६५
तेलाचा काय संबंध??

आटे तपासले. मेट्रिक १४ चा बोल्ट सरळ आत गेला. कोपऱ्यात बारीक तडे पण आहेत, भिंग लावल्यावर दिसले. म्हणजे ६५ चे नाहीत हे नक्की. च्यायला.

पाना_दहा
एक मिनिट. तुमच्या नावातलं ६५ म्हणजे गाडीचं साल का?

खडखड_६५
हो. मग?

पाना_दहा
नेहमीची सलून, म्हणजे साधी कार? व्हॅन, इस्टेट किंवा पिकअप नाही ना?

खडखड_६५
सलून. का?

पाना_दहा
साहेब हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं. सप्टेंबर १९६४ पासून सलूनला हायड्रोलास्टिक आलं, रबर कोन गेले. व्हॅन, इस्टेट, पिकअप तेवढे कोनवरच राहिले. ६५ ची सलून कारखान्यातून कोनवर निघालेलीच नाही. प्रत्येक चाकाला कोनऐवजी पाण्यासारख्या द्रवाने भरलेला डबा, म्हणजे डिस्प्लेसर, आणि एका बाजूचं पुढचं चाक मागच्या चाकाला पाइपने जोडलेलं. तुम्ही "कारखान्यातून निघाली तश्शी" करायला निघालात आणि कोन कुठल्या सालचे ते शोधताय.

खडखड_६५
पण माझ्या गाडीत आत्ता कोनच आहेत. मी स्वतः बघितलेत. शॉक ॲबसॉर्बर पण आहेत चारही चाकांना.

निवृत्त_फिटर
मग आधीच्या कुठल्यातरी मालकाने बदललंय. असं खूप गाड्यांत झालंय, डिस्प्लेसर गळायला लागले की लोक कोनवाली सबफ्रेम (सस्पेन्शन ज्यावर बसतं तो सांगाडा) आणून बसवायचे. हायड्रोलास्टिकला वेगळे शॉक नसतात, उसळी शमवायचं काम डिस्प्लेसरच्या आतच होतं. तेव्हा शॉकचे ब्रॅकेट कसे बसवलेत ते बघा. मग गाडीखाली शिरा. मजल्याखालून पुढून मागे दोन पाइप गेल्याच्या क्लिपा किंवा खुणा आहेत का, आणि मागच्या सबफ्रेमवर हवा भरायच्या व्हॉल्व्हसारखे दोन व्हॉल्व्ह किंवा त्यांची जागा दिसते का.

खाली शिरताना मागचे शॉक सोडून गाडी जॅकवर लटकत ठेवू नका. मागे आर्मला खाली जाण्यापासून तो शॉकच अडवतो, शॉक नसला की आर्म लोंबतो आणि नकल नायलॉनच्या वाटीतून निसटतो. गाडी खाली उतरवली की वाटी फुटते. मी स्वतः दोन फोडल्यात.

धुरकट
म्हणजे गाडी आधीच ओरिजिनल नाही, तर पॉली बुश टाकायला काय हरकत आहे?

रबरशेठ
धुरकटभाऊ, तुमचा बुशचा कारखाना आहे का हो?

धुरकट
नाही. चांगली गोष्ट चांगली म्हणायला कारखाना लागतो का?

खडखड_६५
आत्ता गाडीखालून आलो. क्लिपा आहेत. चार मोजल्या, एक अर्धी तुटलेली. पाइप नाहीत. मागच्या सबफ्रेमवर व्हॉल्व्ह नाहीत आणि त्यांची भोकंही नाहीत, म्हणजे सबफ्रेमच दुसरी दिसतेय. नऊ वर्षं ही गाडी चालवतोय मी.

निवृत्त_फिटर
क्लिपा काढून टाकू नका. त्या ओरिजिनल आहेत.

खडखड_६५
कोन परत पाठवतोय, डब्यासकट. आर्म घडीव आहेत तर राहू देतो, नकल पण. हायड्रोलास्टिकची सबफ्रेम आणि डिस्प्लेसर चांगले कसे ओळखायचे? यातच विचारू की नवीन धागा काढू?

पाना_दहा
नवीन काढा. गाडी, मॉडेल आणि साल पहिल्या ओळीत. आणि फोटो पार्टचा.