बीदरचा मदरसा: कुणी पाडला?

बी-४०३: दिवाळीच्या सुट्टीत बीदरला गेलो होतो, त्याचे फोटो टाकतोय. गावातली ही इमारत पाहा. मिनार एकच, पुढचा निम्मा भाग गायब. औरंगजेबाने पाडली म्हणे?

ए-१०१: महमूद गवानचा मदरसा हा, १४७२ चा. पाडलाबिडला नाही कुणी. मोगलांनी बीदर घेतल्यावर शाळा बंद पडली आणि आत दारूगोळा भरला. १६९६ च्या सुमारास तो उडाला. दुसरा मिनार आणि दक्षिणेची बाजू तेव्हाच गेली. काही जण वीज पडली म्हणतात.

सी-२०२: शाळेत दारूगोळा! धन्य आहे.

ए-१०१: आणि शाळा तरी कशी, तीन मजली! मधे चौक, चारही बाजूंना उंच कमानींची दालनं, कडेने विद्यार्थ्यांच्या खोल्या. तीन हजार हस्तलिखितं होती म्हणतात. मिनारावर अजून निळ्या-पांढऱ्या फरशांची नागमोडी नक्षी आहे. थेट इराणी पद्धत. गवान मूळचा इराणातल्या गिलानचा, व्यापारी म्हणून आला आणि बहमनींचा वजीर झाला.

डी-५०४: काका, विशाळगडाशी संबंध असलेला तोच का?

ए-१०१: तोच. तेव्हा त्या गडाला खेळणा म्हणत. तो घेतला, मग गोवाही.

सी-२०२: एवढं करून शेवट वाईटच झाला ना त्याचा?

ए-१०१: अहो, भयंकर. दरबारात दख्खनी आणि परदेशी सरदारांचं हाडवैर. विरोधकांनी त्याच्या गुलामाला फितवून कोऱ्या कागदावर त्याचा शिक्का मिळवला आणि वर ओरिसाच्या राजाला लिहिलेलं खोटं पत्र रचलं. सुलतान दारूच्या नशेत, शहानिशा काही नाही. १४८१ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्याचं डोकं उडवलं. वर्षभरात सुलतानही गेला आणि पुढे राज्याचे पाच तुकडे. माझ्या मते बहमनी राज्य बुडालं ते त्या पत्रापायीच. पोरं आदिलशाही, निजामशाही पाठ करतात, गवानचं नाव मात्र कुणाला ठाऊक नसतं.

बी-४०३: मी तर बाहेरूनच फोटो काढून निघालो 🤦

अ‍ॅडमिन: चर्चा छान चाललीय, पण टाकी सफाईचा मेसेज वर गेलाय. उद्या ११ ते २ पाणी बंद.

डी-५०४: बरं. काका, आम्ही डिसेंबरात उदगीरला सासरी जाणार आहोत. तिथून बीदर जवळच, दुपारी जाऊन येऊ का?

ए-१०१: दुपारी नको, सकाळीच जा. दर्शनी बाजू पूर्वेला आहे, फरशांचे रंग उन्हात तेव्हाच खुलतात.