शब्दचर्चा : रक्तातल्या कीटकनाशकाची 'मात्रा', 'पातळी' की 'बाधा'?

फवारणी करणाऱ्या मजुरांसाठी एक माहितीपत्रक मराठीत आणते आहे. रक्त-लघवीच्या अहवालातल्या 'लेव्हल'ला मी 'मात्रा' लिहिलं आणि 'रेफरन्स व्हॅल्यू'ला 'सुरक्षित मर्यादा'. चालेल का?

— 'सुरक्षित मर्यादा' कृपया काढा, ताई. हा आकडा सर्वसाधारण लोकांची तपासणी करून काढतात. बहुधा शंभरातले ९५ जण ज्याच्या आत येतात तो. आपलं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे का, एवढंच त्यावरून कळतं. आजाराचा धोका कुठून सुरू होतो, हे वेगळं ठरवावं लागतं आणि तसे आकडे मोजक्याच रसायनांसाठी आहेत. 'संदर्भ मूल्य' बरोबर, पण मजुरासाठी 'इतरांत सहसा आढळणारं प्रमाण' असं उलगडून लिहा.

— 'मात्रा'ही नको. वैद्य देतो ती मात्रा, म्हणून तर ती 'लागू पडते'. शरीरात गेली ती मात्रा, नमुन्यात सापडलं ते प्रमाण. ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकांचे बरेचसे अंश काही दिवसांत लघवीवाटे निघून जातात. आठवड्याने नमुना घेतला तर मात्रा मोठी असूनही प्रमाण नगण्य दिसेल. उलट डीडीटीपासून होणारं डीडीई चरबीत वर्षानुवर्षं टिकतं. आज रक्तात दिसलं म्हणजे आजच अंगात गेलं असं नाही. शिवाय भरपूर पाणी प्यायलं की लघवी पातळ होते, म्हणून लघवीत रोज साधारण सारखंच उतरणाऱ्या क्रिएटिनिन या पदार्थाच्या तुलनेत आकडा देतात.

— मग 'पातळी' बरी, पण एका ठिकाणी जपून. कोलिनेस्टरेज तपासणीत कीटकनाशक मोजतच नाहीत, त्याने दाबून टाकलेलं कोलिनेस्टरेज हे शरीरातलं विकर (एन्झाइम) मोजतात. तिथे आकडा घटणं वाईट! 'पातळी कमी झाली' वाचून माणूस निर्धास्त होईल. आणि निरोगी माणसांतही हा आकडा इतका वेगवेगळा असतो की तुलना स्वतःच्याच हंगामाआधीच्या आकड्याशी करावी लागते. कॅलिफोर्नियात त्यापेक्षा २० टक्के घट झाली की कामाची पद्धत तपासतात. तांबड्या पेशींतलं विकर ३० किंवा रक्तद्रवातलं ४० टक्के घटलं की मजुराला फवारणीच्या कामावरून बाजूला काढतात.

— 'बाधा' शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अंश आढळणं म्हणजे बाधा नव्हे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना २० हून अधिक शेतकरी-मजूर गेले, ती विषबाधा. दरदरून घाम, तोंडाला लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, धाप अशी ऑरगॅनोफॉस्फेटची लक्षणं दिसली की डॉक्टर अहवालाची वाट न पाहता अ‍ॅट्रोपिन हा उतारा सुरू करतात. आणि उलटही लिहा : अहवालात काही सापडलं नाही म्हणून त्रास खोटा ठरत नाही. आपल्याकडे 'औषध मारायला गेला' म्हणतात. पत्रकात निदान एकदा तरी त्या 'औषधा'ला विष म्हणा.

मनापासून आभार. आता असं केलंय : "तुमच्या लघवीत फवारणीच्या विषाचे अंश आढळले. हे प्रमाण इतरांत सहसा आढळतं त्यापेक्षा जास्त आहे. म्हणजे विष अंगात जातं आहे. विषबाधा झालीच असं नाही. शेवटची फवारणी कोणत्या दिवशी केली आणि त्यानंतर काय त्रास झाला, हे डॉक्टरांना सांगा." 'अंश' सगळ्यांना कळेल ना, की 'थोडंफार विष' लिहू?

— 'अंश' कळेल. 'थोडंफार' नको, त्याने आकडा आधीच लहान ठरतो.