इजिप्त सहल: हुरघाडा की आस्वानला एक दिवस जास्त?

प्रेषक: मंजिरी (सहल समिती)

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या इजिप्त सहलीचा कच्चा आराखडा पाठवते आहे. कैरोत दोन रात्री (गिझाचे पिरॅमिड आणि नवं मोठं संग्रहालय), मग विमानाने आस्वान. तिथून नाईलवरच्या क्रूझवर तीन रात्री, वाटेत कोम ओम्बो आणि एडफू करत लक्सर. शेवटचे दोन दिवस हुरघाड्याला समुद्रकिनारी आराम. आबू सिंबेल (तिथली डोंगरातली देवळं) ऐच्छिक आहे, त्याचे पैसे वेगळे. गाइड पूर्ण वेळ आपल्याबरोबर असेल.

शाकाहारी कोण, कांदा-लसूण न खाणारे कोण आणि कुणाचे गुडघे कुरकुरतात ते गुरुवारपर्यंत कळवा. सूचनाही चालतील, पण कृपया एकाच मेलमध्ये.

मंजिरी

प्रेषक: शिरीष

मंजिरीताई,

मेहनत घेतली आहेस, दिसतंय. तरी दोन गोष्टी.

पहिली, हुरघाडा कशाला? आपण मस्कतला राहतो. समुद्र बघायला विमानाचं तिकीट काढायचं म्हणजे कमालच झाली.

दुसरी गोष्ट जरा लांबण लावणारी आहे, चहा घेऊन बसा. आबू सिंबेल ऐच्छिक ठेवू नका, आणि आस्वानला निदान एक पूर्ण दिवस वाढवा. फिले बेटावरचं इसिस देवीचं देऊळ यादीत दिसतच नाही. ते राहून गेलं असेल असं धरून चालतो.

माझं मूळ गाव इंदापूर तालुक्यातलं, उजनी धरणात गेलेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ वर येतं. लहानपणी वडील आम्हाला होडीतून तिथे न्यायचे. लोक देवळाचे फोटो काढायचे आणि वडील भलतीकडेच बोट दाखवून आमची विहीर कुठे होती ते सांगायचे. त्यामुळे आस्वानला मी गेलो तो पिरॅमिड बघून भारावलेला पर्यटक म्हणून नाही, धरणग्रस्ताचा मुलगा म्हणून गेलो.

फिलेची गोष्ट अशी. इंग्रजांच्या काळात, 1902 साली, आस्वानचं पहिलं धरण पुरं झालं आणि हे बेट वर्षातला बराच काळ पाण्याखाली जाऊ लागलं. भिंतींवरचे रंग होते ते धुऊन गेले. पुढे उंच धरण आलं (1960 ते 1970) आणि देऊळ कायमचंच पाण्यात उभं राहणार अशी वेळ आली. मग युनेस्कोच्या मोहिमेत बेटाभोवती बांध घालून पाणी उपसलं, देवळाचे दगड सुटे केले आणि शेजारच्या अगिल्किया बेटावर ते पुन्हा रचले. ते बेटही आधी तासून फिलेसारखं करून घेतलं. 1980 मध्ये देऊळ पुन्हा खुलं झालं. आज खांबांवर ठरावीक उंचीला एक काळपट रेघ दिसते. पाणी तिथवर चढायचं. आमच्या होडीतल्या सगळ्यांनी नक्षीचे फोटो काढले, मी त्या रेघेचे.

याच देवळात रोमन सम्राट हेड्रियनच्या दरवाजापाशी चित्रलिपीतला शेवटचा ज्ञात लेख आहे, 24 ऑगस्ट 394 चा. साडेतीन हजार वर्षांची लिपी तिथे संपली. गाइड घाईत असला तर हे दाखवत नाही, मागे लागून दाखवून घ्या.

आबू सिंबेल याच्याही पुढचं. 1964 ते 1968 या काळात फेरो (राजा) रामसेस दुसरा याची दोन देवळं डोंगरातून कापून काढली, सुमारे 65 मीटर वर आणि 200 मीटर मागे नेऊन पुन्हा बसवली. मागचा डोंगर खोटा आहे, आत काँक्रीटचा घुमट आहे. दारातल्या चार प्रचंड पुतळ्यांपैकी एकाचं धड आणि डोकं प्राचीन काळीच भूकंपात खाली आलं होतं. ते तुकडेसुद्धा जसे पडले होते तसेच पुन्हा पायाशी मांडून ठेवलेत! मी पेशाने स्थापत्य अभियंता, त्या तुकड्यांपुढे बराच वेळ उभा होतो.

आता मुद्द्याचं. दगडांसाठी इतकी काळजी घेतली, पण त्याच जलाशयाने इजिप्तमधल्या सुमारे पन्नास हजार नुबियन (आस्वानच्या दक्षिणेकडच्या नुबिया प्रदेशातल्या) लोकांची गावं बुडवली. त्यांना नदीकाठावरून उचलून कोम ओम्बोच्या बाजूला वसाहती करून दिल्या. आपली क्रूझ कोम ओम्बोला थांबते, मगरदेव सोबेक आणि होरस या देवांचं जोड देऊळ दाखवते, मगरींच्या ममी दाखवते, आणि या वसाहतींबद्दल अवाक्षर काढत नाही. म्हणून आस्वानचं नुबियन संग्रहालय बघा (1997 पासून आहे), बुडालेल्या प्रदेशातल्या वस्तू तिथे नीट मांडल्या आहेत. रंगीत घरांच्या 'नुबियन गावात' नेऊन मगरीचं पिल्लू हातात देतात तो प्रकार मात्र टाळला तरी चालेल. मला तरी तो आवडला नाही.

शिरीष

प्रेषक: पराग

शिरीषदादा, मेल मनापासून आवडला. पण आमच्याकडे सहा आणि नऊ वर्षांची दोन वानरं आहेत. आस्वानहून आबू सिंबेल म्हणजे पहाटे चारला उठून बसने तीन-साडेतीन तास जा आणि तेवढेच परत या. मुलांनी आधीच विचारलंय की सगळी देवळंच आहेत का. हुरघाडा त्यांच्यासाठीच होतं.

पराग

प्रेषक: अनघा

नमस्कार,

आम्ही दोन वर्षांपूर्वी जाऊन आलो, त्यामुळे मधे तोंड घालते.

पराग, मुलं देवळांना कंटाळतात हे खरं, पण मगरींच्या ममी आणि एसनाचं लॉक यांनी तुझं काम होईल. एसनाला जहाज पाण्याच्या पायऱ्या चढायला-उतरायला थांबतं. तेवढ्यात फेरीवाले छोट्या होड्या घेऊन खाली जमतात आणि झगे, टेबलक्लॉथ पिशव्यांत घालून थेट वरच्या डेकवर भिरकावतात. भाव ओरडून करायचा. पसंत पडलं तर पैसे पिशवीत घालून खाली, नाहीतर माल परत खाली. आमच्या ह्यांना गुलाबी झगा डोक्यावर येऊन लागला आणि शेवटी तो घ्यावाच लागला. मुलं अजून हसतात.

जेवणाचं. कोशरी म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर टोमॅटोची आंबट-तिखट चटणी आणि तळलेला कांदा. स्वस्त, पोटभर, संपूर्ण शाकाहारी. फूल (म्हणजे शिजवलेला बाकला) आणि तामिया (आपल्या ओळखीच्या फलाफलची बहीण, पण बाकल्याच्या डाळीची) नाश्त्याला सगळीकडे. मोलोखियाची हिरवी भाजी बघून शाकाहारी मंडळी हुरळतात, पण ती बहुधा कोंबडीच्या किंवा मटणाच्या पाण्यात शिजवलेली असते. विचारल्याशिवाय ताटात घेऊ नका. कांदा-लसूणवाल्यांनी मेतकूट बरोबर ठेवावं.

गुडघ्यांचं. पिरॅमिडच्या आत जायचा अट्टहास नको. वाकून चढायचं, हवा कोंदट, आणि शेवटी रिकामी खोली. त्यापेक्षा लक्सरजवळच्या राजांच्या दरीतली थडगी बघा, रंग काल दिल्यासारखे ताजे. साध्या तिकिटात तीनच थडगी बघता येतात, तेव्हा गाइडला आधीच विचारून ठरवा. आत गाइडला बोलायला बंदी असते, सगळं बाहेरच ऐकून घ्यायचं. तुतनखामेनचं थडगं वेगळ्या तिकिटाचं आणि अगदी लहान. त्याचा खजिना कैरोतच आहे.

गिझाला गर्दी आणि उंटवाले जीव खातात. मंजिरी, जमलं तर कैरोजवळचे सक्कारा आणि दहशूर आधी कर. सक्काराचा पायऱ्यांचा पिरॅमिड, मग दहशूरचा वाकडा पिरॅमिड, ज्याचा उतार बांधता बांधता मध्येच 54 अंशांवरून 43 वर आणला, आणि मग गिझा. चुकत माकत शिकले हे डोळ्यांना दिसतं.

अनघा

प्रेषक: नानाकाका

चिरंजीवांनो,

हुरघाड्यावर इतका राग नको. तो तांबडा समुद्र आहे. त्याच किनाऱ्यावर, हुरघाड्यापासून शेकडो किलोमीटर दक्षिणेला बेरेनिके हे रोमन काळातलं बंदर होतं. तिथल्या उत्खननात भारतीय रांजणात साडेसात किलो काळी मिरी मिळाली. बुद्धाची संगमरवरी मूर्ती मिळाली, आणि आपल्या सातवाहनांची दोन नाणीसुद्धा. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या 'पेरिप्लस' या सागरी प्रवासाच्या पुस्तकात पैठण, तेर, सोपारा, कल्याण ही सगळी नावं आहेत. तेव्हा माल बेरेनिकेला उतरून उंटांवरून नाईलकाठच्या कोप्टोसला आणि तिथून होड्यांनी खाली अलेक्झांड्रियाला जायचा. लक्सरला उभं राहाल तेव्हा कोप्टोस थोडंसंच उत्तरेला असेल, हे पोरांना सांगा.

हे सांगितलं म्हणून हुरघाडा ठेवा असं नाही. माझं मत शिरीषला. पण मला पहाटे चारला उठवणार असाल तर बसमध्ये पुढची सीट पाहिजे.

नाना

प्रेषक: मंजिरी (सहल समिती)

मंडळी,

समितीची काल बैठक झाली. हुरघाडा कटाप. आस्वानला दोन रात्री: पहिल्या दिवशी फिले आणि संध्याकाळी नुबियन संग्रहालय, दुसऱ्या दिवशी आबू सिंबेल. बस पहाटे साडेचारला सुटेल, नाश्त्याचे डबे हॉटेल देईल. उरलेल्या दिवसात कैरोला सक्कारा-दहशूर घातलं आहे. एडफूला देवळापर्यंत घोडागाडीऐवजी टॅक्सी सांगितली आहे, कारण तिथल्या घोड्यांची अवस्था बघून गेल्या वेळी दोघी-तिघी रडल्या होत्या. पराग, मुलांसाठी लक्सरचं हॉटेल पोहण्याच्या तलावाचं घेते आहे.

फेब्रुवारीत 22 तारखेला आबू सिंबेलच्या गाभाऱ्यात सूर्यकिरण जातात तेव्हाच जाऊ या, असं दोघांनी फोनवर सुचवलं. त्या दिवशी तिथे मुंगीला शिरायला जागा नसते, शिवाय मुलांच्या परीक्षा. डिसेंबरच ठेवला आहे.

नानाकाका, पुढची सीट तुमची. मात्र त्याच सीटवर आणखी तिघांनी गुडघ्यांचं कारण देऊन दावा सांगितला आहे, तेवढं आपापसात मिटवा.

मंजिरी