बेल्ट ग्राइंडरला बोल्ट कोणते? ८.८, १२.९ की एसएस, आणि स्प्रिंग वॉशरचं काय करायचं

कानसवाला

२×७२ इंची बेल्ट ग्राइंडर बनवतोय. फ्रेम १० मिमी एमएस (साधं मऊ स्टील) प्लेटची. वेल्ड केलं की प्लेट ओढली जाते, म्हणून सगळे जोड बोल्टचे ठेवायचे आहेत. टूल रेस्ट १२ मिमी अ‍ॅल्युमिनियमचा, बेल्टमागचं प्लॅटन ८ मिमी एमएस, गार्ड १६ गेज पत्र्याचं. मोटर दीड एचपी, दोन पोल, ८० फ्रेम (मोटरच्या मापाचा क्रमांक), फूट माउंट (पायांवर बसणारी).

काटकोनातल्या जोडाला एका प्लेटच्या कडेत, म्हणजे १० मिमी जाडीत, एम८ चा टॅप मारला (८ मिमी बोल्टचे आटे पाडले) तर चालेल का? दुकानदार म्हणतो सगळे १२.९ ग्रेडचे अ‍ॅलन (डोक्यात षटकोनी खाच असलेले बोल्ट) घेऊन टाका, मित्र म्हणतो एसएस (स्टेनलेस) घे, गंजायचा प्रश्नच नाही. थरथर भरपूर असणार, तर स्प्रिंग वॉशर, नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला नट) की लॉकटाइट (आट्यांना लावायचा चिकट द्राव)? आणि बोल्टची लांबी ठरवायचा हिशेब कुणी नीट मांडेल का? पुण्याच्या बोहरी आळीत एकाच खेपेत सगळं घ्यायचंय.

मायक्रॉनदास

१० मिमीच्या कडेत एम८ नको. भोकाच्या दोन्ही बाजूंना जेमतेम १ मिमी धातू उरतो. टॅप फिरवतानाच प्लेट फुगते आणि बोल्ट आवळला की फुगवटा वाढतो. कडेत टॅप मारायचा तर बोल्टचा व्यास जाडीच्या निम्म्याहून जास्त नको, म्हणजे तुमच्याकडे एम५. या मशीनच्या फ्रेमला तो मला कमी वाटतो.

त्यापेक्षा कोपऱ्यात आतून २० मिमीचा ब्राइट चौरस बार टाका. दोन्ही प्लेटांमधून त्यात एम८ घ्या. दोन्ही बाजूंची भोकं एकमेकांना छेदणार नाहीत इतकी पुढेमागे ठेवा, केंद्रांमध्ये किमान १६ मिमी अंतर पडू द्या. प्लेटमधलं भोक ९ मिमी, बारमध्ये ६.८ चं ड्रिल आणि एम८×१.२५ टॅप.

लांबी अशी काढा: प्लेट १०, वॉशर १.६, आणि आटा आत किती हवा ते. आटे स्टीलमध्ये असतील तर बोल्टच्या व्यासाइतके, बिडात दीडपट, अ‍ॅल्युमिनियममध्ये दुप्पट. एम८×२० घेतला तर आत ८.४ मिमी जातो. काठावर पास. २५ घेतला तर १३.४. तोच घ्या.

आरपार बोल्टला नटची उंची आणि बाहेर दोन आटे धरायचे. मोटरचं उदाहरण घ्या. ८० फ्रेमच्या फुटाचं भोक १० मिमी असतं, म्हणजे एम८. फूट साधारण १० (आपल्या मोटरचा मोजून घ्या), बेस प्लेट १०, वरचा वॉशर १.६, खालचा जाड वॉशर ३, नायलॉक नट ८, बाहेर २.५. एकूण ३५.१ झाले, म्हणून ४० मिमीचा बोल्ट. बेल्टचा ताण जुळवायला बेस प्लेटला खाचा ठेवणार असाल तर खाचेवर बाजारातला पातळ वॉशर टाकू नका, तो वाटीसारखा आत बसतो आणि दोन दिवसांत बोल्ट ढिला. २५×५ ची पट्टी कापून तिलाच भोकं पाडा.

अजून एक. ९ च्या भोकात ८ चा बोल्ट म्हणजे प्लेट सगळ्या दिशांना अर्धा मिमी सरकायला मोकळी. बोल्ट दाबून धरतो, जागा ठरवत नाही. बेल्ट एका बाजूला पळतो त्याचं मूळ बरेचदा इथेच असतं. प्रत्येक जोडात दोन ६ मिमी डॉवेल पिना (घट्ट बसणाऱ्या, बिनआट्याच्या) घाला. आधी बोल्ट लावून गुण्यात बसवा, मग दोन्ही भाग एकत्र धरून ५.८ चं ड्रिल आणि ६ चा रीमर. मशीन पुन्हा उघडलं तरी तिथल्या तिथे बसेल.

टूलरूम_भोसरी

ग्रेडचं सांगतो. ८.८ मधला पहिला ८ म्हणजे तुटण्याची ताकद ८०० एमपीए, पुढचा .८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर, ६४० ला, बोल्ट कायमचा ताणायला लागतो. १२.९ चे आकडे तसेच १२०० आणि १०८०. एम८ चा ८.८ बोल्ट सुमारे २५ न्यूटन-मीटरला आवळला की साधारण १५ ते १६ किलोन्यूटनने दाबतो. म्हणजे एकेक बोल्ट दीड टनाच्या वर. तुमच्या ग्राइंडरवर एवढा भार कुठेच नाही. तेव्हा ताकदीसाठी १२.९ घ्यायचं कारण उरत नाही.

दुकानदार तसं म्हणाला कारण अ‍ॅलन बोल्ट गल्ल्यावर मिळतो तोच मुळी बहुतेक १२.९ चा, काळा. तो वापरा, पण आवळताना ८.८ समजूनच आवळा: एम५ ला ६, एम६ ला १०, एम८ ला २५, एम१० ला ४९ न्यूटन-मीटर. १२.९ च्या तक्त्यावर बघून एम८ ला ४० दिलेत तर बोल्ट हसत राहील आणि एमएसचे आटे उपटून येतील. अ‍ॅल्युमिनियममध्ये तर वरच्या आकड्यांच्याही खालीच थांबा.

काळ्या बोल्टवरचा रंग म्हणजे गंजापासून संरक्षण नव्हे, तेल पुसलं की महिन्याभरात तांबूस होतो. म्हणून लोक १२.९ जवळच्या प्लेटिंगवाल्याकडून झिंक करून घेतात. ते करू नका. अ‍ॅसिडात आणि प्लेटिंगच्या टाकीत एवढ्या कडक स्टीलमध्ये हायड्रोजन शिरतो. प्लेटिंगनंतर काही तासांच्या आत २०० अंशांच्या आसपास भट्टीत भाजलं नाही तर बोल्ट आवळताना ठीक वाटतो आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी डोकं आपोआप उडतं. झिंक हवंच असेल तर ८.८ चा तयार झिंकवाला षटकोनी बोल्ट घ्या.

आणि ग्राइंडरवर अ‍ॅलनचं एक दुखणं आहे. खाचेत घासलेली पूड गच्च बसते, की पूर्ण आत जात नाही, मग खाच गोल होते. वारंवार उघडायच्या जागी षटकोनी डोकंच बरं.

खारा_वारा

एसएसच्या बाजूने कुणीच बोललं नाही म्हणून. रत्नागिरी, मालवणकडे वर्कशॉप असेल तर झिंकवाले बोल्ट दोन पावसाळ्यांत पांढरी पूड सोडून तांबडे होतात. गार्ड, स्विचबॉक्स, रेस्ट इथे एसएस लावणं शहाणपणाचं आहे.

टूलरूम_भोसरी

@खारा_वारा, गार्ड-स्विचबॉक्सला एकदम कबूल. पण फ्रेमला नको. बाजारातला एसएस बहुतेक ए२-७०: तुटायला ७००, ताणायला सुरुवात ४५० वर. ८.८ पेक्षा बराच नरम. दुसरं म्हणजे एसएसवर एसएसचा नट कोरडा आणि जोरात फिरवला की आटे एकमेकांना चिकटतात, मग पुढेही नाही, मागेही नाही, कापूनच काढायचा. नायलॉक नट आणि ड्रिल मशीनने फिरवणं ही त्याची खात्रीची कृती. अँटिसीझ (आटे चिकटू न देणारी पेस्ट) लावा, हाताने आणि सावकाश फिरवा. समुद्राकाठी अ‍ॅल्युमिनियमच्या रेस्टमध्ये एसएस कोरडा बसवलात तर गंज बोल्टला नाही, अ‍ॅल्युमिनियमला चढतो. तिथेही अँटिसीझच.

नटबोल्टराव

स्प्रिंग वॉशरवर वाद होणारच, म्हणून आधीच सांगतो: थरथरीला त्याचा उपयोग नाही. तो सपाट व्हायला जेवढा जोर लागतो तो बोल्टच्या दाबापुढे किरकोळ. सपाट झाला की उरला साधा वॉशर, तोही फाटका. गेर्हार्ड युंकर या जर्मन इंजिनियरने १९६९ मध्ये दाखवून दिलं की बोल्ट मुख्यतः आडव्या हालचालीने सुटतो. जोडाचे दोन भाग एकमेकांवर आडवे घसरले की आट्यांमधलं घर्षण क्षणभर हरपतं आणि बोल्ट कणाकणाने मागे फिरतो. उपाय म्हणजे घसरूच न देणं: पुरेसा दाब, डॉवेल, आणि जोडामध्ये रंग किंवा गॅसकेट नको. रंगाचा थर दबत जातो आणि बोल्टचा ताण उतरतो. प्लेटा रंगवण्याआधी जोडाच्या जागी मास्किंग टेप लावा.

देशी_फिटर

राव, लेथपासून पंपापर्यंत सगळीकडे स्प्रिंग वॉशर लागलेला असतो, सगळे वेडे का?

नटबोल्टराव

वेडे नाहीत, फिटरसाहेब. नरम बोल्ट हलका आवळलेला असेल, टर्मिनलसारख्या ठिकाणी, तर तो थोडा ताण टिकवतो. २५ न्यूटन-मीटरला आवळलेल्या एम८ खाली मात्र तो निव्वळ सवयीने पडतो.

इथे जिथे नट आहे तिथे नायलॉक आणि जिथे आटे प्लेटमध्ये आहेत तिथे मध्यम ताकदीचं निळं लॉकटाइट २४३. दोन-तीन थेंब पुरतात, पण आटे आधी थिनरने धुवा. टॅपिंगचं तेल राहिलं तर पकड कमी पडते. साध्या स्टीलवर काही मिनिटांत धरतं, पूर्ण ताकदीला २४ तास द्या. झिंक आणि एसएसवर वेळ जास्त लागतो. लाल २७१ घेऊ नका, तो सोडवायला गॅस टॉर्चने २५० अंशांपर्यंत तापवावं लागतं. पॉलीकार्बोनेट किंवा अ‍ॅक्रिलिकच्या ठिणगी-गार्डला यातलं काहीच लावायचं नाही, भोकाभोवती तडे जातात. तिथे नायलॉक, आणि तोही हलक्या हाताने.

कानसवाला

सगळ्यांचे आभार, चौरस बार आणि डॉवेल पक्कं. तीन गोष्टी राहिल्या. प्लॅटनवर डोकं वर येऊन चालणार नाही, तिथे सीएसके (प्लेटमध्ये बुडणाऱ्या शंकूसारख्या डोक्याचा स्क्रू) लावतोय. ड्राइव्ह व्हील १९ मिमी शाफ्टवर कसं धरायचं? आणि ६.८ चं ड्रिल सेटमध्ये नाही, ६.५ आणि ७ आहे.

मायक्रॉनदास

६.५ ने टॅप मोडेल. ७ ने आटे थोडे उथळ येतात, पण एमएसमध्ये १३ मिमी खोली आहे तोवर धकून जाईल. अ‍ॅल्युमिनियमला मात्र नको. अहो, ६.८ चं सुटं ड्रिल मिळतं, तेच घ्या. सोबत एम६ साठी ५, एम५ साठी ४.२ आणि एम४ साठी ३.३. सेटमध्ये नसणारी ही तीन ड्रिलं (५ सोडून) दोन-दोन घ्या. टॅप तीन नगांच्या सेटमध्ये घ्या. बंद भोक आट्यांच्या खोलीपेक्षा ५-६ मिमी जास्त ड्रिल करा, नाहीतर टॅप तळाला टेकून मोडतो. स्टीलला कटिंग ऑइल, अ‍ॅल्युमिनियमला रॉकेल. अर्धा फेरा मागे घेऊन बुरा तोडत राहा.

रेस्टमध्ये बोल्ट सारखा काढघाल होणार असेल तर एम६ चे आटे अ‍ॅल्युमिनियममध्ये थेट पाडू नका. ६.३ चं भोक, हेलिकॉइलचा (भोकात बसवायच्या तारेच्या आट्यांचा) खास टॅप आणि कॉइल. १२ मिमी प्लेटमध्ये कॉइल ९ मिमी लांबीची घेतली तर दोन्हीकडे थोडं आत राहील, तेच बरं.

टूलरूम_भोसरी

प्लॅटनला एम६ सीएसके. डोक्याची उंची ३.३ मिमी, ८ मिमी प्लेटला पुरतं. काउंटरसिंक (डोकं बसायची शंकूची खाच) ९० अंशांचाच हवा. मोठ्या ड्रिलने काउंटर मारायची सवय सोडा. ड्रिलचं टोक ११८ अंशांचं असतं, डोकं खालच्या काठावर एका बारीक रेघेवर टेकतं, ती रेघ दबली की स्क्रू ढिला. सीएसकेला भोकात इकडेतिकडे सरकायला वाव नसतो, म्हणून प्लॅटन होल्डरवर क्लॅम्प करून दोन्हींतून आधी ५ चं ड्रिल करा, मग फक्त प्लॅटनचं भोक ६.४ करा. सीएसकेची लांबी डोक्यासकट मोजतात, बाकी सगळ्यांची डोक्याखालून. एम६ सीएसकेला ४ ची की लागते, अ‍ॅलनला ५ ची, त्यामुळे जोर बेतानेच. मागे नायलॉक नको, प्लॅटन तापतं आणि नायलॉन १२० अंशांपर्यंतच. २४३ ची हद्द १८० आहे, ते चालेल.

ड्राइव्ह व्हीलला ६ मिमीची चावी (शाफ्ट आणि व्हीलच्या खाचेत बसणारी पट्टी) आणि चावीवर एम६ ग्रब (बिनडोक्याचा स्क्रू), दुसरा ९० अंशांवर थेट शाफ्टवर. त्या दुसऱ्याच्या खाली शाफ्टला कानशीने लहानशी सपाटी करा. नाहीतर ग्रबच्या टोकाने उठलेला काटा व्हीलला बाहेर येऊ देत नाही. प्रत्येक ग्रबच्या पाठीवर अजून एक ग्रब आवळून लॉक करा. बाकीच्या व्हीलांना १२ मिमी बोअरचं बेअरिंग वापरत असाल तर एम१२ बोल्टची साधी दांडी चालणार नाही. ती मापापेक्षा थोडी बारीक असते, बेअरिंग त्यावर डुलतं. १२ मिमी शोल्डर बोल्ट घ्या, त्याचा आटा एम१० असतो.

नटबोल्टराव

दुकानात जाताना एक सावधगिरी. "अडीच सूत" मागितलंत तर ५/१६ इंची मिळेल, "दोन सूत" म्हणजे पाव इंच. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ५/१६ चा व्यास ७.९४ मिमी, एम८ शी हुबेहूब. पण आटे इंचाला १८, म्हणजे १.४१ मिमीचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर). एम८ चा नट दीड-दोन फेरे गोडीने जातो, मग अडतो, आणि पाना लावला की दोघांचेही आटे गेले. वजनावर मिळणाऱ्या ढिगात हे दोन्ही मिसळलेले असतात. ओळखायला दहा पिचची लांबी मोजा: एम८ ला १२.५ मिमी, ५/१६ ला १४.१. एम६ ला १० मिमी, पाव इंचीला १२.७. ऑटो पार्ट्सच्या दुकानातून एम१० घेतलात तर तो १.२५ पिचचाही निघू शकतो, तुमचा टॅप १.५ चा.

गार्डचं राहिलं. १६ गेज म्हणजे १.६ मिमी, त्यात एम४ चे दोनच आटे बसतात. एम५ रिव्हनट (पत्र्यात दाबून बसवायचा आटेवाला नट) टाका, भोक ७ मिमी, वर बटन हेड.

मोजणी मोघम सांगतो, जोड किती ते तुम्हीच बघा: एम८×२५ अ‍ॅलन ३०, एम८×४० षटकोनी ८.८ सहा, एम८ नायलॉक दहा, एम६×२० सीएसके सहा, एम६×२५ अ‍ॅलन दहा, एम५×१२ बटन हेड एसएस वीस आणि तितकेच रिव्हनट, एम६×६ ग्रब कप पॉइंट सहा, ६×३० डॉवेल सोळा. एम८ वॉशर पन्नास घ्या, निम्मे हरवतात. ६ ची आणि ५ ची अ‍ॅलन की मात्र चांगल्या कंपनीची घ्या. अनब्राको किंवा टॅपारिया चालेल. गोल टोकाची की शेवटच्या आवळणीला वापरायची नाही, टोक मोडून खाचेत बसतं.

कानसवाला

१३.४ मिमी आत जातो म्हणताय, मग चौरस बारची भोकं २० मिमी आरपार ठेवू की बंद?

मायक्रॉनदास

आरपार. बुरा खाली पडतो, टॅप मोडायची भीती कमी, आणि मोडलाच तर मागून ठोकून काढता येतो.